बासेल नगराची पायी फेरी

आमच्या हुबळी-धारवाड भागात ‘बासेल मिशन’ हे शब्द एखाद्या जुन्या घराण्याच्या आडनावासारखे रुळले आहेत. बासेल मिशनची शाळा, बासेल मिशनची मंडळी, बासेल मिशनचे आवार असे आम्ही सहज बोलतो. परंतु बासेल हे ऱ्हाइन नदीच्या काठचे एक जिवंत नगर आहे, तेथे माणसे राहतात, बाजार भरतो, पूर येतात, हे क्वचितच कोणाच्या ध्यानात असते. अमरगोळ येथे राहून मंडळीची सेवा करीत असता आमचीही स्थिती याहून निराळी नव्हती. काही वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने युरोपात जाण्याचा योग आला, तेव्हा परतीच्या वाटेवर एक दिवस काढून आम्ही चौघेजण त्या नगरात उतरलो. यजमानांनी आमच्यापुरती एक मार्गदर्शिका ठरवून दिली होती. सकाळी दोन तास पायी फिरावयाचे आणि त्या सांगतील ते ऐकावयाचे, असा बेत होता.

आपल्याकडे नाशिकास किंवा गोकर्णास गेलेल्या यात्रेकरूस क्षेत्रोपाध्याय भेटतो. तो स्थळाचे माहात्म्य सांगतो आणि आपल्या वहीत यात्रेकरूच्या वाडवडिलांची नावेही दाखवितो. तो क्षेत्राचा दोष कधी सांगत नाही. त्याचे ते कामही नव्हे. आमची मार्गदर्शिकाही अशीच नगराचे माहात्म्य सांगेल, या अपेक्षेने आम्ही निघालो होतो. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक वयस्कर बाई होत्या. हातात छत्री, पायांत भक्कम जोडे, आणि बोलणे अगदी मोजके.

फेरीचा आरंभ मुन्स्टर या जुन्या महामंदिरापासून झाला. तांबड्या वालुकाश्माची ती वास्तू सम्राट दुसरा हेन्री याच्या उपस्थितीत १०१९ मध्ये अर्पण करण्यात आली. १८ ऑक्टोबर १३५६ रोजी झालेल्या भूकंपाने तिची मोठी हानी झाली. नंतर ती पुन्हा उभारण्यात आली आणि तिच्या दोन मनोऱ्यांचे काम १५०० च्या सुमारास पुरे झाले. १४३१ पासून पुढे अनेक वर्षे चाललेली ख्रिस्ती जगाची महासभा याच नगरात भरली होती. ही सर्व माहिती बाईंनी पाच मिनिटांत आटोपली. उत्तर बाजूच्या गालुस नावाच्या दाराशी मात्र त्या बराच वेळ थांबल्या. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातील या दारावर न्यायासनावरील ख्रिस्त आहे, त्याखाली शहाण्या व मूर्ख कुमारींची रांग आहे, आणि दोन्ही बाजूंस दयेची कृत्ये कोरली आहेत: भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, बंदिवानाची भेट. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायावर आम्ही आजवर किती प्रवचने केली असतील, त्याची गणती नाही. तो अध्याय एका दारात पुरा मावतो हे तेथे प्रथम पाहिले.

मग बाईंनी आम्हांस आत नेले आणि रिकाम्या भिंतींकडे बोट दाखविले. ९ फेब्रुवारी १५२९ रोजी, उपवासकाळाच्या आदल्या दिवशी, धर्मसुधारणेस अनुकूल असा जमाव या मंदिरात शिरला आणि त्याने वेद्या व मूर्ती फोडल्या. इकोलॅम्पेडियस यांच्या प्रवचनांनी नगराचे मन अगोदरच तयार झाले होते; नगरसभा मात्र निर्णय पुढे ढकलीत होती. त्या दिवसानंतर बासेल सुधारणावादी झाले. “आम्ही जिंकलो, असे मला शाळेत शिकविले,” बाई म्हणाल्या, “आणि पुढे मी वर्गात मुलांनाही तसेच शिकविले. काय गमावले ते मात्र मला पुष्कळ वर्षांनी कळले.” मुन्स्टरची अनेक जुनी शिल्पे आता नदीपलीकडील एका संग्रहालयात जपून ठेवली आहेत. ज्या नगराने मूर्ती फोडल्या तेच नगर आता मूळ शिल्पांना ऊनपाऊस लागू नये म्हणून त्यांना घरात ठेवते.

येथे आमचे मन अमरगोळास गेले. आमच्या गावात बनशंकरी व शंकरलिंग यांची चालुक्य शैलीची जुनी देवळे आहेत. त्यांच्या जवळून आम्ही नित्य जातो. उपदेशकाचे शिक्षण घेताना अशा शिल्पांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हे आम्हांस शिकविले गेले होते, आणि तेथून आलेल्या मिशनऱ्यांची दृष्टीही तीच होती. ते मिशनरी ज्या गृहातून शिकून आले त्या गृहाच्या नगराने हाच प्रश्न प्रथम आपल्याच मंदिरात, आपल्याच बांधवांविरुद्ध सोडविला होता, हे मात्र आम्हांस कोणी सांगितले नव्हते. जत्रेत मूर्तिपूजेवर बोलणाऱ्या मिशनऱ्याच्या मागे १५२९ मधील त्या दिवसाची आठवण उभी होती. आपल्या श्रोत्यांना हे ठाऊक नव्हते, आणि कदाचित त्यालाही ते पुरते जाणवत नसावे.

मुन्स्टरमध्येच इरॅस्मसची समाधी आहे. मूर्तिभंगानंतर तो नगर सोडून फ्रायबुर्गला गेला, पुढे परतला आणि १५३६ च्या जुलैत येथेच वारला. तो अखेरपर्यंत रोमी मंडळीतच होता, तरी सुधारणावादी नगराने त्यास आपल्या प्रमुख मंदिरात जागा दिली. ज्यांचे मतभेद आम्ही पाठ्यपुस्तकात दोन स्तंभांत मांडतो, त्या माणसांचे परस्परसंबंध एवढे सरळ नव्हते.

मंदिरामागील गच्चीवरून ऱ्हाइन दिसते. खाली एक तर चालते. तिला यंत्र नाही, वल्हे नाही. नदीवर ताणलेल्या लोखंडी दोरास ती बांधलेली असते आणि प्रवाहाच्याच जोराने पैलतीरास जाते. आमच्यातील एका बंधूस ती इतकी आवडली की त्यांस तेथून हलविणे कठीण झाले. बाई मात्र नदीकडे पाहून गंभीर झाल्या. जानेवारी १३४९ मध्ये, महामारीच्या भयाने, विहिरींत विष घातल्याचा आळ घेऊन या नगरातील यहुदी लोकांना नदीतील एका बेटावर लाकडी घरात कोंडून जाळण्यात आले, असे त्यांनी सांगितले. “आणि काही मुलांना बळाने बाप्तिस्मा देण्यात आला.” हे शेवटचे वाक्य त्यांनी आम्हां पाळकांकडे पाहूनच उच्चारले असावे. आम्ही काही बोललो नाही. बाप्तिस्मा हा शब्द जेथे हिंसेच्या शेजारी येतो तेथे आमच्यासारख्यांनी घाईने काही बोलू नये हेच बरे.

तेथून उतरणीच्या रस्त्याने जाताना एक निळे व एक पांढरे असे दोन वाडे लागतात. सारासिन घराण्यातील दोघा बंधूंनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते बांधविले. त्यांचा व्यापार रेशमी फितींचा. बासेलची संपत्ती बहुतांशी या फितींत गुंफली होती, आणि मिशनच्या कार्यकारी समितीत बसणारे गृहस्थ याच श्रीमंत वर्गातले होते. परंतु मिशनचा खर्च केवळ त्यांनी चालविला असे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अर्ध्या बाट्झनची, म्हणजे अगदी क्षुल्लक नाण्याची, साप्ताहिक वर्गणी गोळा होऊ लागली. मोलकरणी, विणकर व शेतकरी यांनी ती भरली. आमच्या शाळांच्या पायात वाड्यांतला पैसा किती आणि मोलकरणींचा किती, हा हिशेब कोणी तरी मांडावा अशी आमची फार इच्छा आहे.

मृतांची गल्ली या नावाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या अरुंद वाटेवर एक जुने घर आहे. तेथे आता औषधनिर्मितीचे संग्रहालय असले तरी पूर्वी योहान फ्रोबेनचा छापखाना होता. इरॅस्मसने सिद्ध केलेला ग्रीक नवा करार फ्रोबेनने १५१६ मध्ये छापला. काम घाईचे होते. चुका पुष्कळ राहिल्या. प्रकटीकरणाच्या हस्तलिखिताचे अखेरचे पान नव्हते, म्हणून इरॅस्मसने त्या ओव्या लॅटिनवरून ग्रीकमध्ये उलट भाषांतरित केल्या. तरीही याच ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीवरून लूथरने जर्मन नवा करार केला, आणि या पाठाच्या परंपरेतच पुढे श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी १८११ मध्ये मराठी नवा करार छापला. त्या दारात उभे असता आमच्यापैकी एकाने विचारले, “मग आमच्या मराठी प्रकटीकरणातही ते पान आले काय?” प्रश्न गमतीने केला होता, पण त्यावर आम्ही जेवणाच्या वेळेपर्यंत बोलत राहिलो.

कार्ल बार्ट यांच्याविषयी ऐकण्याची आम्हांस मोठी उत्कंठा होती. ते याच नगरात १८८६ मध्ये जन्मले, येथील विद्यापीठात त्यांनी १९३५ पासून १९६२ पर्यंत शिकविले आणि येथेच १९६८ मध्ये वारले. बाईंनी त्यांना अर्धे वाक्य दिले: ते तुरुंगात प्रवचन करीत. आम्ही थोडे हिरमुसलो. नंतर वाटले, दारावरच्या शिल्पांत बंदिवानाच्या भेटीचा प्रसंग पाहून आलेल्या माणसास एवढे सांगितले तरी पुरेसे आहे.

फेरीचा शेवट आमच्या आग्रहावरून स्पालेन वेशीपलीकडे झाला. जुन्या तटाच्या उरलेल्या वेशींपैकी ही सर्वांत देखणी. तिच्या बाहेर निघणाऱ्या रस्त्याचे नावच मिशनचा रस्ता असे आहे, आणि त्यावर मिशनगृह उभे आहे. येथे मात्र भूमिका पालटल्या. बाईंना मिशन १८१५ मध्ये स्थापन झाले हे माहीत होते, आणि मिशनरी बहुतेक स्विस नसून व्युर्टेम्बर्गचे जर्मन होते, हेही त्यांनी हसत सांगितले: बासेलने घर, समिती व पैसा दिला, मुले दुसऱ्यांची पाठविली. पण ती मुले कोठे गेली हे त्यांना ठाऊक नव्हते. हेबिक, लेनर व ग्राइनर १८३४ मध्ये मंगळुरास पोहोचले. १८३७ मध्ये धारवाडास आणि १८३९ मध्ये हुबळीस ठाणे झाले. किटेल यांचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश १८९४ मध्ये निघाला. हे आम्ही सांगितले आणि बाईंनी वहीत टिपून घेतले.

मग आम्ही आनंदराव कौंडिण्य यांचे नाव काढले. मंगळूरच्या सारस्वत ब्राह्मण कुळातील हा तरुण १८४४ मध्ये बाप्तिस्मा घेऊन हर्मन आनंदराव झाला, १८४६ मध्ये मोगलिंग यांच्यासमवेत बासेलला आला, येथील सेमिनरीत शिकला आणि १८५१ मध्ये दीक्षित पाळक होऊन स्वदेशी परतला. पुढे त्याने मंगळुरात उपदेशकांना शिकविले आणि आपल्या पैशाने कोडगूमध्ये नवख्रिस्ती लोकांसाठी जमीन घेतली. त्याची पत्नी मात्र त्याच्या मागे आली नाही. आजची इमारत १८६० ची, म्हणून कौंडिण्यांनी ही खोली पाहिली नसणार. परंतु वेशीखालून ते गेले असतील यात शंका नाही. जानव्याचे कूळ सोडून आलेला तो एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा या थंडीत कोणाशी कोकणीत बोलला असेल? बाईंनी विचारले, त्याच्या बायकोचे पुढे काय झाले, हे तुमच्या मंडळीत सांगतात काय? आम्ही खरे ते सांगितले: नाही.

मिशनगृहाच्या दप्तरखान्यात जुनी छायाचित्रे व पत्रे सांभाळून ठेवली आहेत. त्यांच्या मांडणीत आमच्या भागाचे नाव ‘दक्षिण मराठा’ असे आहे. १८१८ पूर्वी हा मुलूख पेशव्यांच्या अमलाखाली होता, म्हणून इंग्रजांनी ते नाव दिले आणि मिशनने ते तसेच उचलले. आम्हां मराठी भाषकांनी त्याने सुखावून जाऊ नये. येथील बहुसंख्य लोकांची भाषा कन्नड होती, मिशनरीही कन्नडच शिकले. हे नाव सत्तेचे होते, माणसांचे नव्हे.

याच ‘दक्षिण मराठा’ विभागात मलसमुद्र हे नाव येते. धारवाड-हुबळीच्या मिशनऱ्यांकडे त्या काळी काळज्ञानी पंथाचे लोक येऊ लागले होते. ते समूहाने ख्रिस्ती होतील या आशेने १८४१ मध्ये गदगजवळ शेतीची वसाहत काढली गेली. लोक आले नाहीत, वसाहत मोडली. आमच्या मंडळ्यांच्या सुवर्ण व शतक महोत्सवांच्या स्मरणिका आम्ही चाळल्या आहेत. त्यांत मिशनऱ्यांच्या नावांची व सनांची यादी असते, इमारतींची छायाचित्रे असतात. मलसमुद्र नसते, कौंडिण्यांची पत्नी नसते, कोणत्या जातीच्या माणसास पहिल्या बाकावर बसू दिले नाही हेही नसते. त्या बाईंनी दोन तासांत आपल्या नगराचा भूकंप, मूर्तिभंग, जळलेले बेट, छापखान्याच्या चुका असे सारे सांगितले, आणि तरी त्या नगरावर त्यांचे प्रेम किती आहे हे त्यांच्या प्रत्येक पावलातून दिसत होते. अठ्ठेचाळिसाव्या स्तोत्रात सियोनेभोवती फिरून बुरूज मोजण्याची आणि पुढील पिढीस सांगण्याची आज्ञा आहे. बुरूज मोजताना पडलेलेही मोजावयाचे की नाही, यावर आम्ही पूर्वी कधी विचार केला नव्हता.

निरोप घेताना बाईंनी विचारले, “मी तुमच्या गावी आले तर तुम्ही मला काय दाखवाल?” आम्ही बनशंकरीचे देऊळ, रेल्वे स्थानक व बाजार यांची नावे घेतली. “आणि तुमची मंडळी?” त्या म्हणाल्या.

परतल्यावर एका रविवारी उपासनेनंतर आम्ही आठ उपदेशकांसह अमरगोळहून हुबळीच्या जुन्या वस्तीपर्यंत पायी गेलो. ऊन कडक होते आणि दोघे बंधू अर्ध्या वाटेवरून बसने परतले. उरलेल्यांपैकी एका तरुणाने वाटेत विचारले, लोकांना हे सांगावयाचे झाले तर आरंभ कोठून करावा, हेबिकपासून की शाळेपासून? आम्ही म्हटले, मलसमुद्रापासून करून पाहा.