आकडे देशाचे, प्रश्न कोणाचा?

शिक्षण धोरणाचा इतिहास म्हटलं की आपल्याला शाळा, शिक्षक, पुस्तकं आठवतात. आज मी तुम्हाला शाळेबाहेर, मंत्रालयाच्या नियोजन विभागात नेतो. देशातल्या शाळांचे आकडे तिथे बसून वाचतं कोण? माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण याच प्रश्नावर आहे.

झिम्बाब्वेपासून सुरुवात करू. 1980 मध्ये देश स्वतंत्र झाला. 1979 साली प्राथमिक शाळांत साधारण 8 लाख मुलं होती, ती 1985 पर्यंत 22 लाखांच्या आसपास गेली. मुलं शाळेत आली हे हजेरीपटावरून कळत होतं. ती शिकतायत का, हे मात्र पटावरून कळत नाही. त्यासाठी चाचणी, नमुना निवड आणि विश्लेषण लागतं, आणि ते करणारी माणसंही लागतात.

नेमकी हीच माणसं त्या दशकात आफ्रिकेत कमी पडत गेली. कर्जाच्या ओझ्याखाली अनेक देशांनी सरकारी खर्चाला कात्री लावली. पगारांची किंमत घसरली, तशी शिकलेली मंडळी बाहेर पडली. मग शिक्षणाचे अहवाल लिहायला परदेशी पथकं येऊ लागली. 1990 ते 1994 या काळातल्या अशा अभ्यासांचा आढावा जोएल सॅमॉफ यांनी घेतला. देश वेगवेगळे, पण निदान आणि उपाय आश्चर्य वाटावं इतके सारखे, असं त्यांना दिसलं. आपल्या भाषेत सांगायचं तर रोगी निराळे, औषधाची चिठ्ठी एकच!

1991 मध्ये एक वेगळा प्रयत्न सुरू झाला. झिम्बाब्वेच्या शिक्षण मंत्रालयाने युनेस्कोच्या पॅरिसमधल्या शैक्षणिक नियोजन संस्थेबरोबर प्राथमिक शाळांच्या गुणवत्तेची पाहणी केली. त्यातूनच पुढे 1995 च्या सुमारास दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेतल्या मंत्रालयांचा संघ उभा राहिला. त्याचं नाव सॅकमेक. त्याची रीत साधी होती: करता करता शिका. मंत्रालयातल्याच अधिकाऱ्यांनी नमुना काढायचा, सहावीच्या मुलांची चाचणी घ्यायची, माहिती तपासायची आणि अहवालही त्यांनीच लिहायचा.

हे किती किचकट असतं, याचं एक उदाहरण देतो. एकाच शाळेतली मुलं बऱ्याच बाबतीत एकमेकांसारखी असतात. म्हणून एका शाळेतल्या 20 मुलांकडून मिळणारी माहिती ही 20 वेगवेगळ्या गावांतल्या मुलांइतकी मोलाची नसते. सुट्या निवडलेल्या 400 मुलांइतकी अचूकता हवी असेल, तर प्रत्यक्षात काही हजार मुलं तपासावी लागतात. हे गणित ज्याने स्वतः केलंय, त्याला उद्या कोणी चुकीचा आकडा सहजासहजी गळी उतरवू शकत नाही. ‘क्षमता’ म्हणतात ती ही.

पहिल्या फेरीत 7 मंत्रालयं होती आणि फक्त वाचन तपासलं होतं. दुसऱ्या फेरीत 14 मंत्रालयं आली, गणितही आलं. अहवालातल्या सूचनाही खर्च आणि वेळ पाहून लावलेल्या असत. आधी आपल्याच कर्मचाऱ्यांशी बोला, कार्यपद्धती तपासा. इमारती आणि माणसांवरची मोठी गुंतवणूक सगळ्यात शेवटी.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. पैसा बराचसा बाहेरूनच येत राहिला. तयार झालेली माणसं जास्त पगाराकडे जाऊ शकत होती. शिवाय बऱ्याच देशांत मुलांची चाचणी झाली ती इंग्रजीत, म्हणजे घरी न बोलल्या जाणाऱ्या भाषेत. विश्लेषण स्थानिक झालं, तरी चाचणीची भाषा वसाहतकाळातलीच राहिली.

याच सुमारास दुसरी वाट आपल्याकडून गेली. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ने 2005 मध्ये ‘असर’ ही घरोघरची पाहणी सुरू केली. तिच्यावरून केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ आली. इथे साधे स्वयंसेवक घरी जाऊन मूल वाचतं का ते पाहतात. स्वाहिलीत ‘उवेझो’ म्हणजे क्षमता. मंत्रालयातल्या अधिकाऱ्यासाठी वापरला जाणारा शब्द इथे थेट मुलाला लावला गेला.

यापुढे एखाद्या देशाच्या शिक्षणावरचा अहवाल हाती आला तर आकड्यांआधी आतल्या पानावरची नावं वाचा. त्यातली किती माणसं पुढच्या वर्षीही त्याच मंत्रालयात असतील, एवढं विचारलंत तरी अर्धा इतिहास तुमच्या हाती येईल.