आरोग्यशिक्षकाचे पद : प्रशिक्षण आणि उपजीविका

मराठवाड्यातील सार्वजनिक आरोग्याची चर्चा बहुधा दवाखाने व डॉक्टर यांच्या संख्येपाशीच थांबते. लोकांना रोगप्रतिबंधाचे ज्ञान देणारा कर्मचारी कोण, त्यास शिकविले काय आणि त्याच्या उपजीविकेची तरतूद कोणती, हा प्रश्न मागे राहतो. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळचा मुलूख निजामी अंमलाखाली होता. १९५६ साली तो हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला आणि १९९९ साली स्वतंत्र तालुका झाला. तालुका नवा असला, तरी आरोग्यशिक्षकाच्या पदाचे दुखणे जुनेच होते.

१९४६ च्या भोर समितीने आरोग्यशिक्षणावर भर दिला, व १९५६ साली दिल्लीत केंद्रीय आरोग्यशिक्षण ब्यूरो स्थापन झाला. १९६३ नंतर गटपातळीवर विस्तारशिक्षक आले, ते मात्र कुटुंबनियोजनाच्या आश्रयाने. खुपरी या नेत्ररोगाच्या कार्यक्रमातही आरोग्यशिक्षण सहायक होते. १९७३ साली कर्तारसिंग समितीने हिवताप, देवी, खुपरी व कुटुंबनियोजन यांच्या निरनिराळ्या कर्मचाऱ्यांऐवजी बहुउद्देशीय कर्मचारी नेमण्याची शिफारस केली. एकाच घरी चार रोगांसाठी चार माणसे जाण्यापेक्षा ही व्यवस्था निःसंशय शहाणपणाची होती. परंतु तीत ‘शिक्षण’ हा शब्द पदनामातून गळाला, आणि शिकविण्याचे काम लस, गोळ्या व नोंदवह्या यांतून उरलेल्या वेळावर येऊन पडले.

याच सुमारास, १९७० पासून, मराठवाड्याच्या सीमेलगत जामखेड येथे रजनीकांत व मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने निराळी वाट धरली. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात ठेवण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न साधला नाही. मग गावातीलच स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांतील अनेक निरक्षर होत्या. त्यांचे शिक्षण एका अभ्यासक्रमाने संपले नाही. त्या वारंवार जामखेडला एकत्र येत, गावात आलेल्या अडचणी मांडत व नवे शिकून परत जात. प्रशिक्षण ही नोकरीपूर्वीची पायरी नसून नोकरीचाच भाग होय, ही गोष्ट येथे प्रत्यक्षात उतरली.

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने दर हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमण्याचे ठरविले. मूळ योजनेत पहिल्या वर्षी २३ दिवसांचे प्रशिक्षण होते. कार्यकर्ती मात्र मानसेवी, आणि मोबदला मुख्यतः कामागणिक. बाळंतिणीस दवाखान्यात नेल्याची नोंद होऊ शकते. रक्तक्षयाविषयी एखाद्या सासूची समजूत घालण्यात गेलेल्या चार दुपारींची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची?