पिंपरीची कुपी

इंदूरच्या आमच्या जुन्या घरात देव्हाऱ्यापाशी रबरी बुचाची एक छोटी कुपी असे. आजी तीत कुंकू ठेवी.

थोरली आत्या 1934 साली बाळंतज्वराने गेली. लंडनमध्ये फ्लेमिंगला पेनिसिलीनचा गुण दिसून तेव्हा सहा वर्षे झाली होती. पण बुरशीतून औषध शुद्ध करून काढणे त्याला साधले नव्हते. ते 1940 साली ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधले. तेही थेंबाथेंबाने. 1941 साली एक पोलीस या औषधाने सुधारत आला होता. त्याच्या लघवीतून औषध परत गाळून दिले, तरी पुरले नाही, आणि तो दगावला. पुढे अमेरिकेत बाजारातल्या नासक्या खरबुजावर भरघोस पेनिसिलीन देणारी बुरशी सापडली. (खरबूज चिरताना आजोबा हे हमखास सांगत.)

आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात 1955 साली पेनिसिलीन तयार होऊ लागले. दोन वर्षांनी धाकट्या भावाला न्यूमोनिया झाला. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "सुई लगवा लो, माँजी." आठवड्याभरात स्वारी उठून जेवायला बसली. आजीने रिकामी कुपी मागून घेतली, धुतली, पुसली.

"माझ्या पोरीच्या वेळी ही कुठं होती रे?" तिने आजोबांना नव्हे, मला विचारले.