अंत्युखियातील पंक्तिभेद

ख्रिस्ती होणाऱ्या परक्याने यहुदी नियमशास्त्र पाळलेच पाहिजे का, या प्रश्नाचा पहिला मोठा निवाडा इ. स. 49 च्या सुमारास यरुशलेमात झाला. येशूचे पहिले अनुयायी यहुदीच होते. सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे विधिनिषेध त्यांच्या अंगवळणी पडलेले होते. सिरियातील अंत्युखियात ग्रीक लोकही मंडळीत आले, तेव्हा सुंतेवाचून तारण नाही असे काहींनी बजावले आणि वाद पेटला. प्रेषित पौल व त्याचा सहकारी बर्णबा यरुशलेमला गेले. पौलाने तीत हा ग्रीक सहकारी सोबत नेला होता. त्याच्या सुंतेची सक्ती झाली नाही. येशूचा शिष्य पेत्र आणि येशूचा भाऊ याकोब यांनी यहुदीतरांच्या बाजूने कौल दिला. मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म एवढे वर्ज्य ठरले.

खरी कसोटी मात्र जेवताना लागली. अंत्युखियात पेत्र यहुदीतरांच्या पंगतीला बसत असे. याकोबाकडची माणसे येताच तो बाजूला झाला, आणि त्याच्यामागून इतर यहुदी, अगदी बर्णबासुद्धा. पौलाने पेत्राला सर्वांदेखत जाब विचारला. हा प्रसंग त्याने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात स्वतःच नोंदवला आहे, आणि नियमशास्त्रातून सुटकेचा त्याचा सिद्धांत या भांडणाच्या वर्णनातूनच पुढे उलगडत जातो. माणूस नीतिमान ठरतो तो ख्रिस्तावरील विश्वासाने. ख्रिस्ताने वधस्तंभावर नियमशास्त्राचा शाप स्वतःवर घेऊन माणसाला खंडणी भरून सोडवले, असे तो मांडतो. श्रीमंत ग्रीक-रोमन घरांत मुलांना शाळेत नेणारा, त्यांच्यावर धाक ठेवणारा एक गुलाम असे. पौलाच्या मते नियमशास्त्राचे काम तसेच होते, ख्रिस्त येईपर्यंतचे. म्हणून पंगत मोडणे हा पौलाच्या दृष्टीने शिष्टाचाराचा प्रश्न नव्हता. त्या वेगळ्या ताटांमुळे ख्रिस्ताचे मरणच व्यर्थ ठरत होते.

पौलाने नियमशास्त्राला वाईट मात्र कधी म्हटले नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात तो त्याला पवित्र म्हणतो, आणि शेजाऱ्यावरील प्रीतीत ते पूर्ण होते असे सांगतो. आई यहुदी असलेल्या तीमथ्य या सहकाऱ्याची त्याने सुंता केल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात नमूद आहे. दुसऱ्या शतकात मार्कियोन या ख्रिस्ती शिक्षकाने हे भान सोडले. यहुदी शास्त्राचा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असे तो शिकवू लागला. 144 च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले, त्याची मोठी देणगी परत केली, आणि यहुदी धर्मशास्त्र ख्रिस्ती बायबलमध्येच राहिले.