राज्याचें दप्तर आणि रयतेचें अक्षरज्ञान

साक्षरता हा शब्द उच्चारतांच पाटी, पुस्तक आणि पंतोजी यांचें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु हा प्रश्न शाळेइतकाच चावडीचाही आहे. राज्याचें दप्तर ज्या लिपींत लिहिलें जातें, ती रयतेस वाचतां येते कीं नाहीं, यावर रयतेचें बरेंचसें हित अवलंबून असतें. आज तें दप्तर संगणकांत गेलें आहे. म्हणून डिजिटल साक्षरतेच्या सरकारी धोरणाचें परीक्षण आपल्या इतिहासाच्या प्रकाशांत करणें आम्हांस इष्ट वाटतें.

1882 सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांतील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी सर्वश्रुत आहे. अभ्यासक्रमाविषयींच्या त्यांच्या सूचनेकडे मात्र सहसा लक्ष जात नाहीं. बाळबोधाबरोबर मोडीचेंही वाचन-लेखन, आणि त्याच्या जोडीला हिशेब, मुलांस शिकवावे, असें त्यांनीं सुचविलें. शाळेचीं छापील पुस्तकें बाळबोध. पण सावकाराचें खत आणि कुलकर्ण्याचें दप्तर मोडी! ज्यास पुस्तक वाचतां येतें परंतु आपल्या जमिनीचा कागद वाचतां येत नाहीं, तो व्यवहारांत निरक्षरच होय. पुढें 1883 मधील 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत, असा अक्षरशून्य शेतकरी कचेरीच्या पायरीवर कसा नाडला जातो, हें त्यांनीं सविस्तर दाखविलें.

कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं 1917 सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि 1918 सालीं कुलकर्णी वतनें नष्ट करून पगारी तलाठी नेमले. आमच्या मतें हीं एकाच सुधारणेचीं दोन अंगें होत. दप्तर वंशपरंपरेच्या मुठींतून सुटलें, तरी रयत निरक्षर राहिल्यास तिच्या माथ्यावरील धनी तेवढा बदलतो.

आतां अलीकडील काळाकडे वळूं. राष्ट्रीय ई-शासन योजना 2006 सालीं मंजूर झाली. राष्ट्रीय डिजिटल साक्षरता अभियान 2014 मध्यें सुरू झालें, आणि ग्रामीण भागासाठीं प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान 2017 मध्यें मंजूर झालें. म्हणजे दप्तर आधीं पालटलें आणि तें वाचण्याचें शिक्षण मागाहून आलें. 2017 च्या अभियानाचें उद्दिष्ट 6 कोटी माणसांचें. कुटुंबामागें एक व्यक्ति आणि शिक्षण 20 तासांचें. 31 मार्च 2024 पर्यंत, म्हणजे अभियान संपेपर्यंत, सुमारें 6.39 कोटी लोकांनीं शिक्षण घेतलें आणि सुमारें 4.77 कोटी लोकांस प्रमाणपत्र मिळालें. हें कार्य लहान म्हणतां येणार नाहीं. परंतु घरांतील एक शिकला म्हणजे घर शिकलें, हें गृहीत कितपत खरें? सून शिकली आणि सासूचें पेन्शन अडलें, तर सासू सुनेवर अवलंबून. मुलगा शिकून शहरांत गेला, तर सारें घरच परावलंबी.

महाराष्ट्रांत 15 ऑगस्ट 1921 नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, 15 ऑगस्ट 2021 रोजीं, ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तलाठ्यानें करावयाची पिकाची नोंद शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून, मोबाइलवर छायाचित्र घेऊन करावयाची, असा हा पालट आहे. फुल्यांस हें पाहून समाधान वाटलें असतें, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. कारण येथें रयत केवळ दप्तर वाचीत नाहीं, तर लिहिते. पण ज्यास हें साधत नाहीं, त्याचा सातबारावरील पिकाचा रकाना कोरा राहण्याची भीति असते, आणि मग तो दुसऱ्याच्या हातीं मोबाइल देतो.

सेवाकेंद्रावर बसणाऱ्या तरुणास आम्ही दोष देत नाहीं. तो पुष्कळांची अडचण दूर करतो. मदतनीस असावा, परंतु त्यानें काय लिहिलें हें पडताळून पाहण्याची शक्ति अर्जदाराच्या अंगीं असावी. तितकी ती नसेल, तर मदतनीस आणि कुलकर्णी यांतील अंतर त्या मदतनिसाच्या सज्जनपणावरच टिकून राहील. धोरणाचें यश प्रमाणपत्रांच्या संख्येनें मोजणें सोपें आहे. आपल्या नांवावर काय लिहिलें गेलें हें किती जणांस वाचतां येतें, आणि चुकलें असल्यास हरकत घेतां येते, हें मोजणें कठीण. पण फुल्यांनीं मोडीची मागणी केली ती याच कठीण कसोटीसाठीं, आणि ती कसोटी अद्याप जुनी झालेली नाहीं.