जांघेतली गाठ अंगावर काढू नका

अंतर्गळ किंवा हर्निया हा पुरुषांचा आजार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. जांघेच्या घडीच्या वर होणाऱ्या इंग्वायनल हर्नियाबाबत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. मात्र घडीच्या खाली, मांडीच्या सुरुवातीला होणारा फिमोरल हर्निया पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, विशेषतः उतारवयात, अधिक आढळतो. जांघेतील हर्नियांमध्ये त्याचे प्रमाण जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असले, तरी जिवाला धोका त्याचाच अधिक.

याचे कारण शरीररचनेत आहे. मांडीतील मुख्य नीलेच्या आतल्या बाजूस एक अरुंद पोकळी असते. तिच्या उरलेल्या तिन्ही बाजूंना ताठर बंध असल्याने तोंड फारसे ताणले जात नाही. बाळंतपणे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता किंवा कृशपणा यांमुळे आतडे तेथे शिरले, की ते आवळले जाऊन त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, फिमोरल हर्नियात असा पीळ बसण्याची शक्यता तीन महिन्यांत २२ टक्के आणि २१ महिन्यांत ४५ टक्के आढळली. इंग्वायनल हर्नियात हीच शक्यता दोन वर्षांत ४.५ टक्के होती. त्रास नसलेल्या इंग्वायनल हर्नियावर काही पुरुषांत नुसते लक्ष ठेवता येते. येथे ती सवलत नाही. पट्टा बांधूनही उपयोग होत नाही.

गाठ अनेकदा सुपारीएवढीच असते आणि अवधाण समजून सोडून दिली जाते. संकोचापोटी ती डॉक्टरांनाही दाखवली जात नाही. वृद्ध स्त्रीला उलट्या व पोटफुगी झाल्यास जांघ तपासणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते. आतड्याच्या भिंतीचा केवळ काही भाग अडकला, तर शौचास होत राहते आणि निदान चकते. दुखरी, घट्ट झालेली गाठ घरी दाबून आत ढकलू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

नियोजित शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असते. लहानसा छेद घेऊन आतडे आत सारले जाते आणि ते छिद्र टाके घालून किंवा जाळी बसवून बंद केले जाते. जागेवरची भूलही यासाठी पुरू शकते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्त्रियांसाठी, अनुभवी शल्यविशारद उपलब्ध असल्यास, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला पसंती दिली आहे. वरून न कळणारा फिमोरल हर्निया तीत दिसतो. आतडे काळे पडल्यावर मात्र तो भाग कापून टोके जोडावी लागतात, जंतुसंसर्गाच्या भीतीने जाळी बहुधा टाळली जाते आणि मृत्यूचा धोका कित्येक पटींनी वाढतो. वेळेत शस्त्रक्रिया झालेला रुग्ण बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो.