दुसऱ्या वर्षाची ओळ

लिम्फँजिओलेयोमायोमॅटोसिस, म्हणजे ‘लॅम’: जवळजवळ फक्त स्त्रियांना, तेही बहुधा तरुणपणी, गाठणारा फुप्फुसाचा दुर्मीळ आजार. त्यावरच्या ‘माइल्स’ चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. त्यांतली चार विधाने माझ्या शब्दांत मांडून त्यांवर लिहितो.

१. ८९ रुग्ण, ४६ जणींना सिरोलिमस हे औषध, ४३ जणींना प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी, वर्षभर.
आकडा लहान दिसतो. पण एवढ्या जणी जमवायला अमेरिका, कॅनडा आणि जपान असे तीन देश लागले.

२. प्लासिबो गटात एफईव्ही-१ दरमहा १२ मिलिलिटर घटला; सिरोलिमस गटात १ मिलिलिटर वाढला.
एफईव्ही-१ म्हणजे जोर लावून फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा. १२ मिलिलिटर म्हणजे चहाचे जेमतेम अडीच चमचे. वर्षाकाठी मात्र वाटीभर होते. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर कठडा धरून थांबणाऱ्या बाईला ती वाटी फार मोठी. दुसऱ्या गटातला ‘१’ मात्र वाढ म्हणून वाचू नये. त्यात दोनाची चूकभूल आहे, म्हणजे तो शून्यच. या आजारात शून्य ही मोठी कमाई आहे.

३. सहा मिनिटांत चाललेल्या अंतरात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही.
हे विधान लपवले नाही, याचे मला समाधान वाटते. त्याच वर्षात सिरोलिमस गटाच्या जगण्याचा दर्जा मात्र सुधारला.

४. दुसऱ्या वर्षी औषध थांबवले. घसरण पुन्हा सुरू झाली, प्लासिबो गटाला समांतर.
माझ्या मते सगळ्या निबंधाचा जीव या ओळीत आहे. लॅमच्या पेशींत टीएससी जनुक बिघडलेले असते, त्यामुळे वाढीचा हुकूम देणारे एमटॉर हे प्रथिन सतत चालू राहते. सिरोलिमस ते दाबून धरते. जनुक दुरुस्त करत नाही, पेशीही मारत नाही. हात काढला की एमटॉर पुन्हा कामाला लागते. ‘समांतर’ हा शब्द नीट वाचावा: थांबवल्यावर घसरणीचा वेग जुनाच आला, वर्षभरात राखलेला श्वास मात्र एकदम गेला नाही.

पुढे कित्येक वर्षे औषध घेणाऱ्यांच्या पाहणीतही फुप्फुसे स्थिर राहिलेली दिसली. अमेरिकेत २०१५ साली लॅमसाठी त्याला मान्यता मिळाली. तोंड येणे, जुलाब, वाढलेले कोलेस्टेरॉल हा त्रास खराच. त्यासाठी मात्रा कमी-जास्त करता येते. पण “डॉक्टर, आता बरं आहे, गोळी बंद करू का?” असे कुणी विचारले, की तिच्यासमोर हीच चौथी ओळ ठेवावी, आणि तीही पहिली गोळी लिहून देण्याच्या दिवशीच.